कोकणातल्या घरी जायला लहान विमान: मराठवाड्यातून निवड कशी करावी

लातूरहून मालवणला गाडीने निघालं की सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत घाट उतरेपर्यंत दिवस संपतो. हवेतून लातूर ते चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ, हे अंतर सरळ रेषेत सुमारे २२२ सागरी मैल आहे. किलोमीटरमध्ये ४१०. छत्रपती संभाजीनगरहून ते २५५ सागरी मैल होतं, नांदेडहून २८८. विमानाचा सगळा हिशोब सागरी मैल आणि नॉटमध्ये चालतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याच मापात विचार करायची सवय लावा. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल.

नवखा माणूस सुरुवातीलाच विचारतो, "कोणतं विमान घ्यावं?" तो प्रश्न शेवटचा आहे. आधी दोन्ही टोकांची जमीन, मग माणसांचं वजन, मग इंधन, मग मे महिन्यातलं ऊन. एवढं कागदावर आलं की यादीत दोन-तीनच विमानं उरतात. खाली हाच क्रम धरला आहे. उदाहरण लातूर ते चिपी घेतलं आहे. तुमचं घर दुसरीकडे असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी हे ठरवा: वर्षाला किती तास, आणि उडवणार कोण

महिन्याला एक फेरी धरली तर जून ते सप्टेंबर वजा जाता आठ फेऱ्या होतात. जाऊन-येऊन चार तास, म्हणजे वर्षाला साधारण ३२ तास. एवढ्यासाठी एकट्याने विमान घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. हँगर, विमा, वार्षिक तपासणी आणि देखभालीचा करार हा खर्च विमान उडो वा न उडो होतोच. शिवाय कमी उडणारं इंजिन जास्त खराब होतं. त्याचं कारण पुढे दिलं आहे. वर्षाला शंभर तासांच्या आसपास उड्डाण होणार असेल तर एकट्याची मालकी परवडण्याचा विचार करा. नाहीतर तीन-चार कुटुंबांनी मिळून एक विमान घ्यावं, किंवा परवानाधारक कंपनीकडून भाड्याने न्यावं.

खासगी नोंदणीच्या विमानात पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. "एरवी भाड्याने देऊ, खर्च निघेल" हे गणित खरेदीच्या हिशोबात धरू नका.

स्वतः उडवायचं असेल तर प्रायव्हेट पायलट लायसन्स लागतं. वय किमान १७, दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी केंद्राची संस्था) लेखी परीक्षा, रेडिओचा परवाना आणि किमान ४० तासांचं उड्डाण. ४० हा किमान आकडा आहे. त्यानंतर ज्या विमानात बसणार त्याचं रेटिंग परवान्यावर चढवावं लागतं. पगारी वैमानिक ठेवणार असाल तर चार आसनांतलं एक त्याचं झालं, हे इथेच लिहून ठेवा. अनेकांच्या ते विमान दारात आल्यावर लक्षात येतं.

पहिली पायरी: दोन्ही टोकांची जमीन

मराठवाड्यात चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर), नांदेड आणि लातूर इथे दोन किलोमीटरहून लांब पक्क्या धावपट्ट्या आहेत. लहान विमानाला त्या भरपूर होतात. धाराशिवची पट्टी यांच्या मानाने आखूड आहे. चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. तो विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. तिथून मालवण किंवा वेंगुर्ल्याचा शेवटचा टप्पा गाडीने करायचा.

लांबी पुरेशी आहे म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक ठिकाणी पाच गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमानतळाचे वॉच अवर्स, म्हणजे तो चालू असण्याच्या वेळा, किती ते किती? खासगी विमानाला आगाऊ परवानगी किती दिवस आधी मागावी लागते? रात्रभर उभं करायला जागा आणि बांधायला जमिनीतले कडे आहेत का? कोणतं इंधन मिळतं? रविवारी हे सगळं चालू असतं का? सुट्टीच्या घरी जाणारा माणूस शनिवारी जातो आणि रविवारी परततो, त्यामुळे शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आता शेतात स्वतःची पट्टी करण्याबद्दल. औसा, अंबाजोगाई, पैठण या पट्ट्यात मोठी शेतघरं आहेत आणि मुंबई-पुण्याहून तिथे थेट उतरावं असं मालकांना वाटतं. काळ्या रानात हे जमत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सप्टेंबरमध्ये विमानाचं नाकाचं चाक त्यात रुतलं की प्रोपेलर जमिनीला लागतो. प्रोपेलर चालू असताना जमिनीला लागला तर प्रोपेलरसोबत इंजिनही उघडून तपासावं लागतं, मग बाहेरून काहीही दिसत नसो. पट्टी करायचीच तर काळी माती उपसून मुरुमाचा थर, त्यावर रोलर, दोन्ही बाजूंना चर, आणि पूर्ण कुंपण लागतं. आपल्याकडे रोही आणि काळविटं रानात मोकळी फिरतात आणि पट्टीची मोकळी जागा त्यांना आवडते. जमीन अकृषिक करणं, जिल्हा प्रशासन, डीजीसीए, संरक्षण आणि गृह खात्याची मंजुरी हे वेगळंच. पहिल्या विमानासोबत पहिली पट्टी करायला घेऊ नका. जवळच्या सरकारी धावपट्टीवर उतरा आणि तिथे जीप ठेवा.

दुसरी पायरी: माणसं वजनकाट्यावर उभी करा

अंदाज नको. प्रत्यक्ष काटा आणा आणि प्रत्येकाला बूट-कपड्यांसकट उभं करा. बॅगा वेगळ्या मोजा. पाणी, डबा, लहान मुलाची खुर्ची, सगळं.

विमानाच्या कागदात दोन आकडे शोधा: कमाल टेकऑफ वजन आणि त्या एका विमानाचं रिकामं वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे यूजफुल लोड. त्यात वैमानिक, प्रवासी, सामान आणि इंधन, सगळं बसवायचं. रिकामं वजन जाहिरातीतून घेऊ नका. त्या विमानाच्या शेवटच्या वजनपत्रातून घ्या. प्रत्येक रेडिओ, प्रत्येक रंगकाम, प्रत्येक दुरुस्ती वजन वाढवते.

सेसना १७२ एस चं कमाल वजन १,१५७ किलो आहे आणि यूजफुल लोड ३९५ किलोच्या आसपास निघतो. सेसना १८२ टी चं कमाल वजन १,४०६ किलो, यूजफुल लोड सुमारे ५०० किलो. दोन्हीत आसनं चारच आहेत. पण चार आसनं आणि चार माणसं यात फरक आहे, तो पुढच्या पायरीत दिसेल.

सामान कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. १७२ च्या मागच्या कप्प्यात ५४ किलोपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेबाहेर गेला तर विमानाचं नाक वर जाऊ पाहतं आणि स्टॉल झाल्यावर, म्हणजे वेग पडून पंखाने उचलणं सोडल्यावर, ते पुन्हा खाली आणणं अवघड होतं. एप्रिल-मेमध्ये परतीला हापूसच्या पेट्या येतात. पाच डझनी पेटी लाकूड-पेंढ्यासकट सहज १५ किलोच्या पुढे जाते. चार पेट्या म्हणजे ६० किलो. कप्प्याची मर्यादा तिथेच ओलांडली. जाताना केलेला वजनाचा तक्ता परतीला चालत नाही, नवा करा. जनरेटरसाठी पेट्रोलचा कॅन, गॅसची टाकी, गाडीची बॅटरी यांपैकी काहीही विमानात नाही.

तिसरी पायरी: इंधन, आणि तेही जाऊन-येऊन

पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांना एव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं. मोठी विमानं वापरतात ते जेट ए-१, ज्याला आपण एटीएफ म्हणतो. एटीएफ एअरलाइनच्या विमानतळांवर असतं. एव्हगॅस मुख्यतः फ्लाइंग क्लब आणि प्रशिक्षण संस्थांपाशी असतं, आणि तेही बऱ्याचदा बॅरलमध्ये. भारतात ते बरीच वर्षं पूर्णपणे आयात होत होतं. इंडियन ऑइलने देशात बनवलेलं एव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलं. तरीही सुट्टीच्या ठिकाणी ते मिळेल असं कधीही गृहीत धरू नका. दोन्ही बाजूंचं इंधन घरूनच भरून निघायचं, या पायावर हिशोब करा.

रीत अशी. समोरचा वारा मोजा, मागचा मोजू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे कोकणात जाताना तोंडावर. २० नॉट धरा.

सेसना १७२ चा वेग १२० नॉट. जाताना जमिनीवरचा वेग १००, म्हणजे २ तास १३ मिनिटं. येताना वाऱ्याची मदत न धरता १ तास ५१ मिनिटं. मिळून ४.०७ तास. ताशी ३६ लिटर धरून १४७ लिटर. दोन वेळा इंजिन सुरू करणं, टॅक्सी आणि चढाई यासाठी १६ लिटर. राखीव एक तासाचं, ३६ लिटर. बेरीज १९९. टाकीत वापरता येण्याजोगं इंधन २०० लिटर. म्हणजे कागदावर बसतं, पण हातात एक लिटर उरतं. असा प्रवास करायचा नाही. आणि वजन? एव्हगॅस लिटरला ०.७२ किलो, म्हणजे २०० लिटरचे १४४ किलो. ३९५ मधून गेले १४४, उरले २५१. ७५ किलोची तीन माणसं आणि २६ किलो सामान. चौथं आसन रिकामं.

आता १८२. वेग १४० नॉट, ताशी ५० लिटर. जाताना १.८५ तास, येताना १.५९, मिळून ३.४४ तास. १७२ लिटर, अधिक २० चढाईचे, अधिक ५० राखीव. २४२ लिटर. टाकी ३२९ लिटरची, त्यामुळे हात मोकळा राहतो. वजन १७४ किलो. ५०० मधून उरले ३२६. चार माणसं ३०० किलो, सामान २६ किलो. चार जणांचं कुटुंब, हलक्या बॅगा, परतीचं इंधन सोबत: हे १८२ मध्ये बसतं.

१८२ टी ची एक गोष्ट लक्षात ठेवा. तिचं कमाल लँडिंग वजन १,३३८ किलो आहे, टेकऑफच्या वजनापेक्षा ६८ किलो कमी. वरच्या हिशोबात चिपीला पोचेपर्यंत सुमारे ७४ किलो इंधन जळतं, त्यामुळे जेमतेम जमतं. पण टेकऑफ करून दहा मिनिटांत परत यावं लागलं तर तुम्ही जास्त वजनाने उतरत असता. संकट नसेल तर घिरट्या घालून इंधन जाळा, संकट असेल तर उतरा आणि नंतर चाकांची तपासणी करून घ्या.

राखीव एक तासाचं का? दिवसा डोळ्यांनी बघत उडताना अर्ध्या तासाचं राखीव हा किमान दंडक आहे. पण कोकणात ढग खाली आले तर परत घाट चढून कोल्हापूरला यावं लागेल. चिपी ते कोल्हापूर सुमारे ६० सागरी मैल, म्हणजे अर्धा तास. अर्धा तास आणि अर्धा तास मिळून एक. पर्यायी विमानतळ घाटाच्या अलीकडचाच ठेवा, कारण कोकणपट्टीत ढग उतरले की तिथले विमानतळ बहुधा एकदमच झाकतात.

चौथी पायरी: मे महिन्यात तेच गणित पुन्हा करा

इथे मराठवाड्यातल्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा. विमानाच्या पुस्तिकेतले ठळक आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. लातूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून थोडं वर आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. गरम हवा विरळ होते. विरळ हवेत इंजिनाला कमी ऑक्सिजन मिळतो, प्रोपेलर कमी ओढतो आणि पंख कमी उचलतो. हे तिन्ही एकदम होतं.

मोजायची सोपी रीत: उंचीच्या प्रत्येक हजार फुटांना १५ अंशांतून २ अंश वजा करा, ते झालं त्या ठिकाणचं प्रमाण तापमान. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट उंचीत मिळवा. लातूरसाठी उंची २,१०० फूट. प्रमाण तापमान १०.८. दुपारी ४० अंश, फरक २९.२. गुणिले १२०, म्हणजे ३,५०० फूट. बेरीज ५,६०० फूट. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. विमान लातूरच्या जमिनीवर उभं असलं तरी त्याला आपण महाबळेश्वरच्याही वर आहोत असं वाटतं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथे १७ टक्के. १८० अश्वशक्तीचे १५० उरले.

सेसना १७२ एस ला पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला, १५ अंशांत ५० फुटांचा अडथळा ओलांडायला सुमारे ५०० मीटर लागतात. दोन हजार फूट आणि ४० अंशांत सुमारे ७२० मीटर. हे आकडे नव्या विमानाचे आणि तरबेज वैमानिकाचे आहेत, म्हणून नवख्याने दीडने गुणावं: १,०८० मीटर. लातूरच्या धावपट्टीवर चिंता नाही. आखूड पट्टीवर मात्र इथेच गाडं अडतं. सकाळी सातला २५ अंशांत तेच अंतर ६५० मीटरच्या आत येतं.

गवत, चढ आणि वजन यांचे गुणक एकमेकांत गुणले जातात, नुसते मिळवायचे नाहीत. वजन १० टक्के वाढलं की अंतर सुमारे २० टक्के वाढतं. सुक्या आखूड गवताचे आणखी २० टक्के, ओल्या गवताचे ३०. सुकं गवत आणि १० टक्के जादा वजन एकत्र आलं तर १.२ गुणिले १.२, म्हणजे ४४ टक्के.

धावण्याच्या अंतराइतकाच धोका चढाईत आहे. गरम दुपारी पूर्ण भरलेलं १७२ मिनिटाला कसेबसे काही शे फूट चढतं. समोर विजेच्या तारा, उसाच्या फडाकडचे खांब किंवा बालाघाटचा डोंगर असेल तर तेवढ्याने भागत नाही. त्यात दुपारच्या वावटळी. धावपट्टीवर धुळीचा भोवरा फिरताना दिसला की थांबा, तो पूर्ण जाऊ द्या.

उपाय साधा आहे. मार्च ते मे सकाळी दहाच्या आत चाकं वर. परतीलाही तेच. दुपारी निघायचं असेल तर वजन कमी करा.

पाचवी पायरी: आता विमान

चार जणांचं कुटुंब, पक्क्या धावपट्ट्या, दोन-अडीचशे सागरी मैल. या मापाला पहिली पसंती सेसना १८२ ची. २३० अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि दरवाजे दोन्ही बाजूंना. पंख वर असल्यामुळे खाली सावली मिळते, आणि मेमध्ये सामान चढवताना ती खरोखर कामाला येते. वरचा पंख झुडपांना आणि दगडांनाही लागत नाही. दोघं किंवा तिघंच जाणार असतील तर १७२ पुरे. ते चालवायला सौम्य आहे, आणि फ्लाइंग स्कूलमध्ये भरपूर वापरात असल्यामुळे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक मिळणं सोपं जातं. आडगावी विमान अडकलं तर हा फायदा वेगापेक्षा मोठा ठरतो.

दुसरा गंभीर पर्याय डायमंड डीए४० एनजी. याचं ऑस्ट्रो इंजिन १६८ अश्वशक्तीचं, टर्बो असलेलं, आणि जेट ए-१ वर चालतं. म्हणजे एअरलाइनच्या विमानतळावर इंधन मिळायची शक्यता बरीच जास्त. ताशी सुमारे २४ लिटर खातं आणि टर्बोमुळे उन्हात इंजिनाची ताकद टिकते. पंखाला मात्र विरळ हवेचा फटका बसतोच. अडचण वजनाची: यूजफुल लोड चारशे किलोच्या आसपास, त्यामुळे चार मोठी माणसं आणि परतीचं इंधन भरलं की सामानाला जागा उरत नाही. चिपीला जेट ए-१ मिळेल याची तारखेसह खात्री असेल तरच चौघांसाठी हे घ्या. मेकॅनिक या इंजिनावर शिकलेला हवा, ते आधी तपासा.

सिरस एसआर२२ ३१० अश्वशक्तीचं, १७० नॉटच्या पुढे जाणारं, आणि अख्ख्या विमानाला पॅराशूट असलेलं यंत्र आहे. पक्क्या धावपट्टीवर छान. चाकं लहान आणि झाकलेली असल्याने मुरूम-गवताला नको. पहिलं विमान म्हणून ते फार वेगाने पुढे पळतं. वैमानिकाचं डोकं विमानाच्या पुढे राहायला अनुभव लागतो.

रोटॅक्स इंजिनाची हलकी विमानं पेट्रोलवर चालतात म्हणून मोहात पाडतात. थांबा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि रोटॅक्स ९१२ ला कारखान्याची मुभा १० टक्क्यांपर्यंतच आहे. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या-सील खराब करतं, आणि गरम इंजिनात इंधनाची वाफ होऊन नळीत अडते. आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल असलं तरी विमानाच्या टाकीत ते नको.

दोन इंजिनांचं विमान नवख्याने घेऊ नये. एक इंजिन बंद पडल्यावर ५,६०० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला लहान ट्विन जेमतेम उंची टिकवतं, आणि तेही हात बसलेला असेल तर. सहा-आठ जण नेहमी जाणार असतील तर सेसना कॅराव्हॅन किंवा पिलाटस पीसी-१२ कडे बघा. दोन्ही टर्बोप्रॉप आहेत, एटीएफवर चालतात, आणि दोन्हींना पगारी वैमानिक लागेल.

सहावी पायरी: जुनं विमान तपासताना

बयाणा देण्याआधी स्वतंत्र, त्या जातीच्या विमानावर काम केलेला इंजिनिअर न्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक चालणार नाही.

लॉगबुक पहिल्या पानापासून हवं. मधली वर्षं गहाळ असतील तर सोडून द्या. १७२ एस च्या लायकमिंग आयओ-३६० इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळणी, २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. "फक्त ७०० तास झालेत" असं म्हणणाऱ्याला ओव्हरहॉल कोणत्या साली झालं ते विचारा. १४ वर्षांत ७०० तास ही वाईट बातमी आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट इंजिनात वरच्या बाजूला असतो, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल खाली ओघळतं आणि कॅम गंजतो. मग तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडाचा चुरा सापडतो. म्हणून फिल्टर कापून बघायला लावा, सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालायला लावा, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, ८० पैकी किती येतं ते लिहून घ्या. ६० च्या खाली आलं तर तो सिलिंडर उघडायचा असं धरा.

१८२ नाकाकडे जड असते. नाकावर आपटून उतरवलेल्या १८२ ची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, सुरकुतते. इंजिनाचं झाकण काढून तिथल्या रिव्हेटच्या ओळी टॉर्चने बघा. सगळ्या जुन्या सेसनांत सीटच्या रुळांची झीज तपासा. टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकली तर वैमानिकाचा हात स्टिअरिंगसकट मागे येतो आणि नाक एकदम वर उठतं. किनाऱ्यावर राहिलेल्या विमानाचा पंख आतून बघा, पांढरी भुकटी दिसली तर ती ॲल्युमिनियमची गंज आहे. आपल्याकडे राहिलेल्या विमानावर गारांचे पोचे शोधा. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि पातळ पत्र्याचं विमान उघड्यावर असेल तर अशा एका गारपिटीत निकामी होतं.

कागद

परदेशातून आणताना आधी डीजीसीएची आयातीची परवानगी, मग पैसे. जुन्या विमानाला वयाची मर्यादा लागू होते. ती त्या विमानाला कशी लागते याचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत बयाणाही नको. वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, तो किमतीत धरूनच तुलना करा. मग व्हीटी ने सुरू होणारी नोंदणी, एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला), त्याचं दर वर्षाचं फेरतपासणीचं प्रमाणपत्र एआरसी, विमानातल्या रेडिओचा परवाना, ४०६ मेगाहर्ट्झच्या ईएलटीची (अपघातात ठिकाण कळवणारा ट्रान्समीटर) नोंदणी आणि विमा. विमा कंपनी वैमानिकाचे तास विचारते. कमी तासांच्या वैमानिकाला मोठं विमान घेतलं तर हप्ता चढतो किंवा नकार येतो, म्हणून कोटेशन खरेदीआधी घ्या.

प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन लागतो आणि निघण्याआधी एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) व एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर मिळवावे लागतात. ते हातात नसतील तर इंजिन सुरू करायचं नाही. उड्डाण दिवसाउजेडीच होतं. नैऋत्येला जाताना उंची सम हजार अधिक पाचशे, म्हणजे ६,५०० किंवा ८,५०० फूट. परतीला विषम हजार अधिक पाचशे. परतताना ५,५०० ऐवजी ७,५०० घ्या. घाटमाथ्यावर हवा आदळते आणि वर जागा असलेली बरी.

विमान आल्यावर

जून ते सप्टेंबर हा मार्ग डोळ्यांनी बघत उडणाऱ्याने बंद समजावा. घाटमाथा ढगात असतो. पण त्या चार महिन्यांत विमान नुसतं उभं ठेवू नका. पाऊस उघडला की दर पंधरवड्याला आपल्याच विमानतळाभोवती तासभर उडवा, म्हणजे तेल पूर्ण गरम होऊन त्यातलं पाणी निघून जाईल. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवण्याने उलट ओल वाढते. तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी बदला. कमी उडणाऱ्या विमानाला बहुतेक वेळा चार महिन्यांचाच नियम आधी लागतो.

बॅरलमधून एव्हगॅस भरताना बॅरल आणि विमान तारेने जोडून घ्या, पाणी अडवणाऱ्या गाळणीतून गाळा आणि रंग बघा: १००एलएल निळसर असतं. बिनरंगी किंवा पिवळट दिसलं आणि रॉकेलसारखा वास आला तर ते एटीएफ आहे. एव्हगॅसवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनात ते गेलं तर टेकऑफनंतर इंजिन बंद पडतं. १७२ एस ला टाक्या आणि नळ्या मिळून तेरा ड्रेन, म्हणजे इंधनातलं पाणी-कचरा काढून बघायच्या तोट्या, आहेत. भरल्यानंतर तेराही काढून बघायचे, कंटाळा येतो म्हणून चार बघून थांबायचं नाही.

पिटो नळीला, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या नळीला, टोपी घाला. कुंभारीण माशी दोन दिवसांत मातीचं घर बांधते आणि धावपट्टीवर वेग दाखवणारा काटा शून्यावरच राहतो. इंजिनाच्या तोंडांनाही बोळे लावा, साळुंक्या आणि चिमण्या तिथे काड्या आणतात. टोप्या-बोळ्यांना लाल पट्ट्या बांधा आणि निघताना मोजून काढा.

पहिल्या दोन फेऱ्या प्रशिक्षकाला उजव्या बाजूला बसवून, कुटुंबाशिवाय करा. तिसरीत एक माणूस घ्या. चिपीला मुक्काम असेल तर स्वतःचे तीन दोर, चाकांचे ठोकळे आणि कंट्रोल लॉक सोबत न्या. वळीव आला की मोकळं उभं असलेलं लहान विमान पंखावर उलटायला वेळ लागत नाही, आणि एप्रिलच्या संध्याकाळी तो आकाश निरभ्र असतानाही तासाभरात येतो.